ताटातून काय गेलं, ताटात काय आलं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझ्या नवऱ्याला सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. वय ४९. सात महिन्यांपूर्वी त्याने कार्ब्ज, म्हणजे कर्बोदकं (पिष्ट आणि साखर), जवळजवळ बंद केले. भात नाही, पाव नाही, बटाटा नाही, फळं नाहीत, डाळी-कडधान्यंही चमच्याने मोजून. एका वहीत रोज किती ग्रॅम झाले ते लिहितो. ११ किलो वजन उतरलं आणि एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ८.४ वरून ६.३ वर आलं. आता भेटेल त्याला तो हाच आहार सांगत सुटतो. माझी धाकटी बहीण आहारतज्ज्ञ आहे. तिच्या मते हा आहार असंतुलित आहे, मेंदूला ग्लुकोज लागतंच. दोघंही मला लेख पाठवतात आणि गंमत म्हणजे मला दोघांचेही पटतात. स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे रोज मधल्यामध्ये मी सापडते. त्यातच आमची १५ वर्षांची मुलगी शाळेच्या संघातून ८०० मीटर धावते, तिनेही बाबांचं बघून भात सोडलाय. नवऱ्याच्या दोन गोळ्या पूर्वीच्याच चालू आहेत. कधीकधी संध्याकाळी त्याला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, पण तो म्हणतो, शरीर जुळवून घेतंय. मला एवढंच सांगा, कमी कार्ब्जचा आहार पोषणाच्या दृष्टीने पूर्ण असतो का? हो की नाही?

ताई,

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण माझी नजर अडकली ती त्याच्या आधीच्या दोन वाक्यांवर. गोळ्या त्याच, आणि संध्याकाळी घाम नि थरथर. कार्ब्जचा वाद दीडशे वर्षं चालू आहे, तो आणखी आठवडाभर थांबेल. हे मात्र थांबण्यासारखं नाही.

डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्या तेव्हा यजमानांचं जेवण वेगळं होतं. जेवण बदललं, गोळ्या राहिल्या. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. पण दुसरी गोळी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गटातली असेल, तर ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भात आहे की दोन अंडी, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी चिडचिड, ही साखर उतरल्याची ठरलेली लक्षणं आहेत. पुढच्या वेळी असं झालं की तिथल्या तिथे बोट टोचून साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात ढवळून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. यंत्र हाताशी नसेल तर साखर आधी, मोजणं मागून. यजमान कुरकुरतील, वहीतला आकडा बिघडेल म्हणतील. बिघडू दे. त्या घडीला ती साखर औषध असते.

आणखी एक शक्यता आहे. गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल, तर ती लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी आहे. तिच्या जोडीला कार्ब्ज फार कमी झाले तर रक्तात कीटोनची, म्हणजे चरबी जाळताना यकृतात बनणारी, आम्लं साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. फसवा भाग असा की तेव्हा साखर बऱ्याचदा फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे घरच्यांच्याच काय, डॉक्टरांच्याही लवकर लक्षात येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली या गोळ्यांबाबत तसा इशाराच दिला होता. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही दिसलं तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

तेव्हा या आठवड्यात गोळ्यांची पाकिटं आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही न्या, कारण कार्ब्ज कमी केले की रक्तदाबही उतरतो आणि उठून उभं राहताना चक्कर येऊ शकते. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. एखादी गोळी कमी झाली तर तो यजमानांच्याच मेहनतीचा विजय आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. डॉक्टर आहार बंद करायला लावतील या भीतीने अनेकजण तिकडे फिरकतच नाहीत.

आता वादाकडे वळू.

'हो की नाही' असं उत्तर मागताना तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, की 'कमी कार्ब्जचा आहार' नावाची एक ठरावीक वस्तू आहे. ती नाही. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहिलं तर त्याला सर्वसाधारणपणे लो-कार्ब म्हणतात. कीटो, म्हणजे शरीराला कीटोनवर चालायला लावणारा आहार, घेणारे २० ते ५० ग्रॅमच्या आत राहतात आणि १३० वाल्यांकडे दयेने बघतात. आणि मृत्यूशी संबंध शोधणाऱ्या एका गाजलेल्या अभ्यासात (त्याच्याकडे पुढे येतेच) ४० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा कार्ब्जमधून घेणारे म्हणजे 'कमी'. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाचे ४० टक्के म्हणजे २०० ग्रॅम! यजमान ज्या आकड्याला जत्रा म्हणतील, तो त्या अभ्यासात उपास ठरतो. तुमच्याकडे येणारे निम्मे लेख एकमेकांशी भांडताना दिसतात ते यामुळेच. शब्द एक आणि ताटं तीन.

दोन्ही बाजूंचे हुकमी पत्ते जरा उलटून बघू या. बहीण म्हणते, मेंदूला ग्लुकोज लागतं. खरं आहे. मोठ्या माणसाचा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, आणि कार्ब्जची १३० ग्रॅमची अधिकृत शिफारस त्यावरूनच काढलेली आहे. पण ते सगळं ग्लुकोज खाल्लंच पाहिजे असं नाही. यकृत प्रथिनांतून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलमधून ग्लुकोज तयार करतं. कार्ब्ज फारच कमी झाले तर मेंदू आपली बरीचशी भूक कीटोनवर भागवायला शिकतो. दीर्घ उपासात मेंदू कीटोनवर कसा चालतो हे जॉर्ज काहिल यांनी १९६० च्या दशकातच दाखवलं. ज्या अमेरिकी अहवालात ती १३० ग्रॅमची शिफारस आहे, त्याच अहवालात हेही लिहिलंय की प्रथिनं आणि चरबी पुरेशी मिळत असतील तर जगण्यासाठी लागणाऱ्या कार्ब्जची खालची मर्यादा शून्य दिसते. बहिणीचा हा पत्ता वाटतो तेवढा मोठा नाही.

यजमानांचा पत्ता मला न बघताही ठाऊक आहे. नऊ अमायनो आम्लं अत्यावश्यक, दोन मेदाम्लं अत्यावश्यक, पण 'अत्यावश्यक कार्बोहायड्रेट' असं काही नाहीच! हेही खरं. फक्त आहारशास्त्रात 'अत्यावश्यक' याचा अर्थ 'शरीराला स्वतः बनवता येत नाही' इतकाच असतो. जे शरीर बनवू शकतं ते खाण्यात काही फायदा नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तंतू, म्हणजे ज्याला आपण चोथा म्हणतो, तो या व्याख्येत अत्यावश्यक ठरत नाही. पण २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात रोज २५ ते २९ ग्रॅम तंतू खाणाऱ्यांमध्ये मृत्यू, हृदयविकार, टाइप २ मधुमेह आणि आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण कमी तंतू खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही दहा वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं असा आकडा दिला. फळं बंद, कडधान्यं चमच्याने, अशा जेवणात २५ ग्रॅम तंतू गोळा करून बघा. होतात, पण त्यासाठी भाज्या, दाणे आणि बिया जाणीवपूर्वक खाव्या लागतात. आपोआप होत नाहीत.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी स्वतः चार महिने रोज ४० ग्रॅमच्या आत राहून पाहिलं. पहिल्या आठवड्यात डोकं असं ठणकलं की घरात कुणी माझ्या वाटेला जाईना. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात, ते ठणकणं त्याचंच. वाडगाभर खारट सूप प्यायल्यावर तासाभरात कमी झालं. (रक्तदाब किंवा किडनीचं दुखणं असेल तर हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) तिसऱ्या आठवड्यात पोट साफ होईना. तेव्हा मी काय खात होते ते प्रामाणिकपणे लिहून काढलं आणि लाज वाटली. अंडी, चीज, अंडी, मूठभर बदाम, पुन्हा चीज. आहारशास्त्र शिकलेली बाई, आणि दिवसभरात भाजी म्हणाल तर काकडीच्या चार चकत्या! दोष ४० ग्रॅमचा नव्हता. मी भात काढून टाकला आणि त्या जागी जे हाताशी सापडलं ते ठेवलं.

पोषणाचा प्रश्न माझ्या लेखी इथेच आहे. काय काढलं यापेक्षा त्याच्या जागी काय आलं, हे मी आधी विचारते. साखरेची पेयं, बिस्किटं, पांढरा पाव गेला आणि पालेभाज्या, मासे, अंडी, दही, दाणे, तेलबिया आल्या, तर बहुतेक जीवनसत्त्वांच्या बाबतीत ताट आधीपेक्षा सुधारलंच. सगळी धान्यं, फळं, कडधान्यं गेली आणि लोणी, चीज, खारवलेलं मांस आलं, तर तंतू, फोलेट, क जीवनसत्त्व, थायमिन, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांची वजाबाकी सुरू होते. दोघांच्याही वहीत आकडा ४० चाच पडेल. शिवाय त्या वहीच्या रकान्यात गोड सरबतातले २० ग्रॅम आणि वाटीभर राजम्यातले २० ग्रॅम यांत काडीचा फरक दिसत नाही, ही माझी वहीवरची मुख्य तक्रार.

कीटो आहार 'नैसर्गिक आणि परिपूर्ण' आहे असं कुणी म्हणालं की मला त्याचा उगम आठवतो. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी, सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना तो आजही दिला जातो आणि बऱ्याच मुलांना त्याचा उपयोग होतो. त्याच्या कडक रूपात एक ग्रॅम प्रथिनं-कार्ब्जमागे चार ग्रॅम चरबी असते. मात्र तो देणारे डॉक्टर सोबत जीवनसत्त्वं आणि कॅल्शियमही देतात, मूतखड्यावर लक्ष ठेवतात, मुलाची उंची वाढते आहे ना ते मोजत राहतात. शंभर वर्षं हा आहार वापरणाऱ्यांनीच त्याला एकट्याने पूर्ण मानलेलं नाही. म्हणून तो वाईट ठरत नाही. ते औषध आहे आणि औषधासारखाच वापरायचा, इतकंच.

वजनाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे वाद जवळपास मिटला आहे. सुरुवातीच्या आठवड्यात झपकन उतरतात ते दोन किलो बहुतांशी पाणी असतं. यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजन साठलेलं असतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. पुढचं मात्र खरं वजन. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एकाला चरबी कमी, दुसऱ्याला कार्ब्ज कमी. २०१८ मध्ये निकाल आले. चरबी कमीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कार्ब्ज कमीवाल्यांचं ६ किलो. संख्याशास्त्राच्या हिशेबात फरक शून्य. त्या अभ्यासातला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. दोन्ही गटांत २५ किलोहून जास्त उतरवलेले लोक होते आणि वजन वाढलेलेही होते. दोन्ही गटांना सांगितलं होतं की भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा टाळा. आणि २० ग्रॅमपासून सुरुवात केलेला कार्ब्ज कमीवाला गट वर्षाअखेर सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास येऊन स्थिरावला होता. माणसं अशीच असतात. जिथे रोज राहवतं तिथे ती सरकतात.

मधुमेहात मात्र यजमानांची बाजू भक्कम आहे, आणि हे बहिणीला सांगायला हवं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की रक्तातली साखर सुधारण्यासाठी सगळ्यात जास्त पुरावा एकूण कार्ब्ज कमी करण्याच्या बाजूने आहे. २०२१ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ च्या खाली आलेले लोक कमी कार्ब्जच्या गटात ५७ टक्के, इतर आहारांच्या गटात ३१ टक्के. वर्षभरात हा फरक विरत गेला.

पण लगेच टाळ्या नकोत. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत, २०१७ साली, मधुमेह झालेल्या लोकांना काही महिने रोज सुमारे ८५० कॅलरींच्या पेयांवर ठेवलं आणि मग हळूहळू जेवणावर आणलं. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. त्या पेयांमधली ५९ टक्के ऊर्जा कार्ब्जमधून येत होती! म्हणजे यजमानांचं एचबीएवनसी उतरलं त्यात कार्ब्ज कमी झाल्याचा वाटा आहे, तसाच ११ किलोंचाही आहे. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी हटली की इन्सुलिनचं काम सोपं होतं, मग ती कुठल्याही वाटेने हटो. पुढे कधी त्यांना हा आहार झेपेनासा झाला तर सगळं संपलं असं वाटू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

वर म्हटलं तो अभ्यासही सांगून टाकते, कारण त्यावरून भांडणं फार होतात. अमेरिकेतल्या ४५ ते ६४ वयाच्या १५,४२८ जणांचा पंचवीस वर्षं मागोवा घेऊन २०१८ मध्ये तो छापला गेला. ५० ते ५५ टक्के ऊर्जा कार्ब्जमधून घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी, त्याच्या खाली जा की वर, दोन्हीकडे वाढलेलं. कार्ब्जच्या जागी प्राण्यांपासूनची प्रथिनं-चरबी आली तिथे मृत्यू जास्त, वनस्पतीजन्य आली तिथे कमी. त्याच्या आदल्याच वर्षी १८ देशांतल्या सव्वा लाखाहून जास्त लोकांच्या अभ्यासात भरपूर कार्ब्ज खाणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले होते. मात्र जिथे जेवणाचा तीन चतुर्थांश भाग धान्यच असतं, तिथे अनेकदा दुसरं काही परवडतच नाही, आणि गरिबी स्वतंत्रपणे माणसं मारते. पहिल्या अभ्यासातही आहार विचारला होता फक्त दोनदा, तोही आठवणीवर. अशा अभ्यासांतून दिशा कळते. यजमानांनी उद्या नाश्त्याला काय खावं याचा हुकूम त्यातून निघत नाही. कडक कीटोवर वीस-तीस वर्षं राहिलेल्यांची नीट आखलेली चाचणी तर झालेलीच नाही, म्हणून 'आयुष्यभर सुरक्षित' आणि 'आयुष्यभर घातक' ही दोन्ही विधानं मी बाजूला ठेवते.

तर तुमच्या घराचं बोलू. यजमानांनी हा आहार चालू ठेवायला माझी हरकत नाही, तीन अटींवर. गोळ्यांचं वर सांगितलंच. दुसरी, तपासण्या. एचबीएवनसीच्या आनंदात लोक एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, बघायला विसरतात. कमी कार्ब्जवर अनेकांचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) छान उतरतं, पण काहींचं एलडीएल झपाट्याने चढतं. मधुमेह असलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका हृदयाचा असतो, तेव्हा चढलेल्या एलडीएलकडे 'या आहारात असं होतंच' म्हणून काणाडोळा करायचा नाही. लोणी-चीजच्या जागी तेलबिया, दाणे, मासे आणले की ते बऱ्याचदा खाली येतं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिनही बघून घ्या. मूत्रपिंडाला आधीच इजा असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. तिसरी अट, तंतू. दोन्ही वेळच्या जेवणात अर्धं ताट पिष्ट नसलेल्या भाज्यांचं, शिवाय रोज वाटीभर कडधान्य. त्यांचा दिवसाचा आकडा आज ४० च्या आसपास असेल तर यामुळे ७०-८० वर जाईल. जाऊ दे. साखर जेवणाआधी आणि दोन तासांनी मोजून बघायला सांगा. कडधान्यानंतरचा आकडा बघून त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटण्याची शक्यता आहे, आणि आपल्याच यंत्रावरचा आकडा माणूस मेहुणीच्या लेखापेक्षा लवकर मानतो.

तुम्ही दोन-दोन स्वयंपाक करत असाल तर ते आजच थांबवा. भाज्या, प्रथिनाचा एक पदार्थ, दही किंवा सॅलड हे सगळ्यांचं सारखं. धान्याचं भांडं वेगळं, ज्याला हवं त्याने त्यातून घ्यावं. वजनकाटा, वही, ग्रॅमचा हिशेब हे यजमानांनी त्यांच्या वेळेत करायचं, जेवणाच्या टेबलावर नाही. याचं कारण मुलगी आहे.

तुम्ही तिचं एका वाक्यात आटोपलंत, मी आटोपणार नाही. बाबांना मधुमेह आहे, तिला नाही. बाबा ४९ चे आहेत, तिची हाडं अजून घडताहेत. आणि ८०० मीटर ही जवळपास पूर्ण वेगाने धावायची शर्यत आहे. एवढ्या तीव्रतेला स्नायू मुख्यतः ग्लायकोजनच जाळतात, तिथे चरबीचा पुरवठा वेगाला पुरा पडत नाही. भात सोडल्यापासून शेवटच्या दोनशे मीटरला पाय जड होतात का, ते तिला विचारून बघा. उत्तर तिचं तिलाच सापडेल. सरावाच्या आधी आणि नंतर तिच्या पोटात धान्य, फळं, बटाटा असं काही जायलाच हवं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२३ मध्ये या विषयावर लिहिताना, मधुमेह असलेल्या मुलांच्या बाबतीतही भर दिला तो साखरेची पेयं आणि निकस कार्ब्ज कमी करण्यावर. तेवढं तिला सांगायला काहीच हरकत नाही.

मला जास्त काळजी दुसरीच आहे. पंधराव्या वर्षी एखादी मुलगी 'आरोग्यासाठी' एक पदार्थ सोडते, तेव्हा पुष्कळदा तो पहिला पदार्थ असतो. पुढे आणखी कशाकशाची नावं गळतात का, ती एकटीच जेवायला बघते का, सारखी काट्यावर उभी राहते का, याकडे न बोलता लक्ष ठेवा. पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवाच. वजन या विषयावर तिच्यासमोर चकार शब्द नको, कौतुकाचाही नको, बाबांच्या ११ किलोंचाही नको. आणि भात पुन्हा खाण्याबद्दल तुम्ही किंवा मावशीने सांगून उपयोग नाही. हे बाबांनी सांगायला हवं, कारण तिने सोडला तो त्यांच्याकडे बघून. यजमानांना एवढंच सांगा की, 'हे माझ्या आजाराचं पथ्य आहे, तुझं नाही', हे वाक्य तिच्या ताटाकडे न बघता, दुसऱ्याच कुठल्यातरी वेळी, गाडीत किंवा मैदानावरून परतताना तिच्याशी बोलावं.

राहिली बहीण. यापुढे दोघांचेही लेख वाचायचे नाहीत, असं जाहीर करून टाका. त्याऐवजी यजमानांना वहीत ग्रॅमच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखायला सांगा: त्या जागी काय खाल्लं. आठवडाभर लिहून झालं की ती पानं बहिणीला पाठवा आणि उत्तरात 'असंतुलित' हा शब्द वापरायचा नाही अशी तिला अट घाला. काय कमी पडतंय ते नाव घेऊन लिहायचं आणि ते कशातून भरून काढता येईल तेही. यजमानांनी त्यातला निदान एक बदल महिनाभर करून बघायचा. मला वाटतं, तिला त्यात दोन-तीन गोष्टी नक्की सापडतील, आणि बाकीचं वाचून ती थोडी गप्पही होईल.

फक्त पहिलं पान त्या घाम आलेल्या संध्याकाळचं असू द्या. दुपारी काय खाल्लं होतं, गोळी किती वाजता घेतली आणि साखर किती होती. ते पान आधी डॉक्टरांना दाखवा, मग बहिणीला.